इच्छामरण : इच्छा कोणाची?

१

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचे परीक्षक म्हणून ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना काही विषय पाठ होऊन गेलेले असतात. 'इच्छामरणाला कायद्याने मान्यता मिळाली पाहिजे' हा त्यांपैकी एक. अनुकूल बाजूचा विद्यार्थी भीष्मापासून आरंभ करतो, ज्ञानदेवांच्या समाधीला हात जोडतो, सावरकर आणि विनोबा यांची नावे घेतो आणि अरुणा शानबाग यांच्या खाटेपाशी येऊन आवाज हळवा करतो. प्रतिकूल बाजूचा विद्यार्थी जीवन ही ईश्वराची देणगी असल्याचे सांगतो आणि इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या मुलांचे चित्र रंगवतो. घंटा वाजते, गुणपत्रिका भरल्या जातात आणि फिरता करंडक कोणाच्या तरी हाती जातो.

अशाच एका स्पर्धेनंतर चहा घेताना आमच्यात वाद निघाला. मान्यता द्यावी की नाही यावर आमचे फारसे दुमत नव्हते. भांडण होते ते शब्दावरून. भीष्म, ज्ञानदेव, सावरकर, विनोबा आणि अरुणा शानबाग ही पाच नावे एका शब्दाखाली बसतात तरी कशी? यांपैकी चौघांची इच्छा परंपरेने किंवा इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. पाचवीची इच्छा काय होती हे सांगण्याची शक्तीच तिच्यापाशी उरली नव्हती. आणि नेमक्या तिच्याच नावाच्या खटल्यातून या देशातील इच्छामरणाचा कायदा आकाराला आला. भाषा शिकवणाऱ्या माणसांना ही विसंगती टोचावी हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून लिहिला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, 'मरू द्यावे की देऊ नये' या प्रश्नाआधी 'हे वाक्य कोण बोलत आहे' हा प्रश्न विचारावा लागतो. 'मला मरू द्या' हे प्रथमपुरुषी वाक्य आणि 'तिला मरू द्या' हे तृतीयपुरुषी वाक्य यांच्यात व्याकरणाचा जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी मोठा फरक नीतीचा आहे. महाराष्ट्रात हा वाद ज्या वळणांनी गेला, ती वळणे पाहिली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो.

२

मराठीत या विषयासाठी दोन शब्द रूढ आहेत : इच्छामरण आणि दयामरण. वृत्तपत्रे ते आलटून पालटून वापरतात. समास सोडवून पाहिला की दोहोंतील अंतर लक्षात येते. इच्छेने येणारे मरण ते इच्छामरण. यात इच्छा मरणाऱ्याची. दयेने दिलेले मरण ते दयामरण. यात दया पाहणाऱ्याची. पहिल्या शब्दात मरणारा हा कर्ता आहे, दुसऱ्यात तो कर्म झाला आहे. दयामरण हा शब्द इंग्रजीतील 'मर्सी किलिंग'वरून आला. त्यातील 'मारणे' हा कठोर धातू मराठीने 'मरण' असा मवाळ करून घेतला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'युथनेशिया' या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ तर नुसता 'चांगले मरण' एवढाच. त्यात ना इच्छेचा उल्लेख, ना दयेचा.

इच्छामरण ही कल्पना आपल्याकडे महाभारतातून आली. देवव्रताने पित्याच्या सुखासाठी आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली, तेव्हा संतुष्ट झालेल्या शंतनूने त्याला स्वेच्छेने मरण्याचा वर दिला. पण हा वर भीष्माने वापरला कसा? दहाव्या दिवशी तो शरशय्येवर पडला तेव्हा दक्षिणायन चालू होते. उत्तरायण लागेपर्यंत त्याने प्राण धरून ठेवले. अठ्ठावन्न रात्री तो त्या बाणांवर पडून होता, असे अनुशासनपर्वात तो स्वतःच सांगतो. म्हणजे मूळ कथेतील इच्छामरण हे मरण पुढे ढकलण्याचे सामर्थ्य आहे. आज ज्या अर्थाने हा शब्द आपण वापरतो, त्याच्या ते जवळजवळ उलट आहे.

तथापि भीष्मपर्वात आणखी एक प्रसंग आहे, आणि वादविवाद स्पर्धेत तो आम्ही एकदाही ऐकलेला नाही. भीष्म पडल्यावर शरीरातील शल्ये काढण्यात निष्णात असलेले वैद्य आपली उपकरणे घेऊन तेथे येतात. भीष्म दुर्योधनाला सांगतो की, यांना द्रव्य देऊन, यांचा सन्मान करून यांना परत पाठव. या अवस्थेला पोहोचल्यावर मला वैद्यांशी काय कर्तव्य? येथे मरण मागितलेले नाही. उपचार नाकारले आहेत, तेही शुद्धीवर असताना, स्वतःच्या तोंडाने, वैद्यांचा मान राखून. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सामान्य नागरिकाला जो अधिकार दिला, त्याच्याशी जुळणारे उदाहरण महाभारतात शोधायचे असेल तर ते शंतनूच्या वरात सापडणार नाही. ते वैद्यांना परत पाठवण्याच्या या प्रसंगात सापडेल.

३

धर्मशास्त्राने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथराजामुळे आज आपल्याला एकत्रितपणे वाचता येते. आत्मघात हे पाप, आत्मघातक्याला अशौच नाही, तर्पण नाही, श्राद्ध नाही, हा सर्वसाधारण नियम. मात्र त्याला अपवाद होते. अत्रीच्या नावाने येणारे आणि मिताक्षरेसारख्या टीकाग्रंथांनी उद्धृत केलेले एक वचन असे सांगते की, जो अतिवृद्ध झाला आहे, ज्याला शौचाचे नियम पाळता येत नाहीत आणि ज्याच्यापुढे वैद्यांनी हात टेकले आहेत, अशा माणसाने कड्यावरून, अग्नीत, पाण्यात किंवा अन्नत्यागाने देह सोडला, तर त्याचे अशौच तीन दिवस पाळावे, दुसऱ्या दिवशी अस्थिसंचय करावा आणि चौथ्या दिवशी श्राद्ध करावे.

या वचनात दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, 'वैद्यांनी हात टेकले' ही अट आजच्या कायद्यातही तिसऱ्या-चौथ्या शब्दाला येतेच. फक्त तेथे हात टेकणाऱ्यांचे एक मंडळ नेमावे लागते. दुसरी अशी की, हे वचन मरणाऱ्यासाठी लिहिलेलेच नाही. तो तर गेला. मागे राहिलेल्या मुलाने आता काय करायचे, बापाला पिंड द्यायचा की नाही, त्याला पापी म्हणायचे की नाही, याचे हे उत्तर आहे. मरणाविषयीचे कायदे हे नेहमी जिवंतांसाठीच असतात, हे सत्य शास्त्रकारांनी आडपडदा न ठेवता मांडले होते.

पुढे कलिवर्ज्यांच्या याद्या झाल्या. कलियुगात जी कृत्ये करू नयेत त्यांत वृद्धांनी कड्यावरून किंवा अग्नीत उडी घेऊन मरणे हेही आले, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यासारख्या निबंधकारांनी ही वर्ज्ये नोंदवून ठेवली. त्याच यादवकाळाच्या अखेरीस, १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली. एकीकडे निबंधग्रंथ दार लावून घेत होते आणि दुसरीकडे वारकरी परंपरा त्याच समाधीपुढे आजतागायत माथा टेकत आली आहे. या दोहोंत विरोध आहे असे लोकमानसाला कधी वाटले नाही. संतांचे जाणे आणि संसारी माणसाचे जाणे यांना दोन मापे लावण्याची आपली सवय इतकी जुनी आहे.

४

ही दोन मापे विसाव्या शतकात कशी वापरली गेली, ते पाहू. भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ हे १८६० सालचे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा त्यात सांगितली होती. म्हणजे ज्याचा प्रयत्न फसला त्याला शिक्षा. ज्याचा साधला तो कायद्याच्या हाती लागत नाही.

फेब्रुवारी १९६६च्या आरंभी वि. दा. सावरकरांनी औषध आणि अन्न यांचा त्याग केला आणि २६ फेब्रुवारीला वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख त्यांनी त्याआधीच लिहून ठेवला होता. जीवनाला कंटाळून, वैफल्याने केलेला तो आत्मघात. जीवितकार्य संपले, देह आता समाजाच्या उपयोगी राहिला नाही, असे शांतपणे जाणून केलेले ते आत्मार्पण, असा त्यांचा भेद. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार आश्रमात आजारी पडलेल्या विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. तेव्हा त्यांचे वय ८७ होते. सावरकर आणि विनोबा यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर. पण देह ठेवण्याच्या रीतीत दोघे एकमेकांच्या इतके जवळ यावेत, हे मराठी विचारविश्वाचे एक वैशिष्ट्यच मानावे लागेल. दोघांनाही प्रथमपुरुषी वाक्य बोलता आले. समाजाने ते ऐकले, त्याला 'प्रायोपवेशन' हे भारदस्त नाव दिले. कलम ३०९ पुस्तकात तसेच होते. या दोघांवर त्याखाली खटला झाला नाही.

खटला झाला तो मुंबई पोलीस दलातील एका शिपायावर. रस्त्यावरील अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि त्यानंतर मनाचा तोल ढळत गेला होता. पत्नीला भाजीविक्रीची परवानगी मिळावी म्हणून तो महापालिकेत खेटे घालीत होता. एके दिवशी त्याने तेथेच अंगावर रॉकेल ओतून घेतले. त्याला वेळीच आवरण्यात आले, आणि मग कलम ३०९ खाली आरोप ठेवण्यात आला. मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने कायद्याच्या पुस्तकांत गेलेल्या या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा साधा होता : माणसे आत्महत्येकडे ज्या कारणांनी ओढली जातात ती इतकी भिन्न आणि करुण असतात की, त्या सर्वांवर तुरुंग हे एकच औषध लावणे हा अन्याय आहे. अशा माणसाला गरज उपचाराची असते.

याच निकालात आणखी एक विधान आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. आत्महत्या ही आपली आपण केलेली कृती. दयामरणात दुसऱ्याचा हात असतो. तेव्हा कायद्याने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज दयामरण हा मनुष्यवधच होय, असे न्यायालयाने बजावले. कर्ता आणि कर्म यांतील फरक जो आम्ही समासातून काढू पाहत आहोत, तो न्यायालयाने १९८६ सालीच नेमका मांडला होता.

पुढील प्रवास थोडक्यात सांगतो. १९९४ साली पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठानेही कलम ३०९ रद्दबातल ठरवले. १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे दोन्ही निर्णय फिरवले. हा खटला कोणी आणला होता, हे विसरू नये. सुनेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झालेल्या सासू-सासऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, मरण्याचा जर अधिकार आहे, तर अधिकार बजावण्यास मदत करणे हा गुन्हा कसा? गेलेल्या स्त्रीचा तथाकथित हक्क तिला मरणाच्या दारी लोटणाऱ्यांनी आपल्या बचावासाठी पुढे करावा, याहून तृतीयपुरुषी वाक्याचे भयानक उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. न्यायालयाने तो युक्तिवाद नाकारला आणि जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार येत नाही, असे सांगितले. मात्र मरणाची प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच शेवटचा भाग होय, एवढी फट त्याने उघडी ठेवली. पुढचा सगळा कायदा या फटीतून आत आला.

५

न्यायालयांबाहेरही मुंबईत हा वाद जोराने चालू होता. घटना समितीचे सदस्य राहिलेले मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ साली विधान परिषदेत एक अशासकीय विधेयक मांडले. बऱ्या होण्याची आशा नसलेल्या रुग्णाच्या इच्छेनुसार कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण मिळावे, असा त्याचा हेतू होता. विधेयकाचा कायदा झाला नाही. तरीही मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानणाऱ्या समाजात एका समाजवादी प्राध्यापकाने तो विषय सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच सुमारास, १९८६ साली, वांद्र्याला 'शांती अवेदना' हे भारतातील पहिले शुश्रूषागृह उभे राहिले. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यावरील रुग्णांना, ज्यांना रुग्णालये 'आता काही करण्यासारखे नाही' असे सांगून परत पाठवीत, त्यांना तेथे जागा मिळू लागली. आयुष्य लांबवायचे नाही आणि तोडायचेही नाही. वेदना तेवढी कमी करायची, हे तेथील तत्त्व. एकाच शहरात, एकाच वर्षी, उच्च न्यायालय मरू पाहणाऱ्याला तुरुंगातून सोडवीत होते आणि समुद्राकाठची एक वास्तू मरणाऱ्याला वेदनेतून सोडवू पाहत होती. आमच्या वादविवाद स्पर्धांतून पहिली घटना क्वचित येते आणि दुसरी कधीच येत नाही.

याच दशकात आणखी एक कायदा झाला होता, तोही येथे नोंदवला पाहिजे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनवर इतके परवाने आणि इतक्या अटी लादल्या की, वेदनाशमनासाठी लागणारे हे स्वस्त औषध बहुतेक रुग्णालयांतून दिसेनासे झाले. ज्या देशात अफू पिकते त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनविना तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. ज्याच्या वेदनेवर औषध आहे पण ते त्याच्यापर्यंत पोहोचू दिलेले नाही, अशा माणसाने 'मला मरू द्या' म्हटले, तर ती त्याची इच्छा मानायची का? हा प्रश्न आम्ही येथे टाकून ठेवतो. शेवटी त्याकडे यावेच लागेल.

६

आता अरुणा शानबाग. कर्नाटकातील हळदीपूरहून मुंबईला येऊन केईएम रुग्णालयात परिचारिका झालेल्या या तरुणीवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतरची ४१ वर्षे ती त्याच रुग्णालयातील एका खोलीत होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले.

पिंकी विराणी यांनी तिच्यावर १९९८ साली पुस्तक लिहिले. दत्तकुमार देसाई यांच्या 'कथा अरुणाची' या नाटकाने तिला मराठी रंगभूमीवर आणले. २००९ साली विराणी यांनी तिची हितचिंतक मैत्रीण या नात्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, तिला अन्न भरवणे थांबवावे आणि शांतपणे मरू द्यावे. न्यायालयाने डॉ. जे. व्ही. दिवेटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा या तीन डॉक्टरांना पाहणीसाठी पाठवले. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरण, म्हणजे जीवनरक्षक उपचार काढून घेणे, या देशात प्रथमच मान्य झाले. अरुणेबाबतचा अर्ज मात्र फेटाळला गेला.

फेटाळण्याचे कारण वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तरी नीट वाचावे असे आहे. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. आईवडील हयात नव्हते. एका बाजूला तिची कहाणी जगापुढे आणणारी लेखिका होती. दुसऱ्या बाजूला तिला रोज आंघोळ घालणाऱ्या, मऊ केलेले अन्न भरवणाऱ्या, इतक्या वर्षांत अंगाला शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिका होत्या. यांतल्या अनेकजणी ती घटना घडली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. त्या म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. न्यायालयाने सांगितले की, तिची खरी निकटची माणसे हीच; निर्णय यांचा.

आमच्यात येथे एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारणही दिसत नाही. आमच्यापैकी काहींना वाटते की, सेवेतून अधिकार येतो. जो घास भरवतो त्यालाच घास थांबवण्याविषयी बोलता येते. काहींना वाटते की, परिचारिकांचे प्रेम कितीही निखळ असले, तरी त्या प्रेमाला एक जिवंत देह लागत होता, आणि त्या देहातील स्त्रीला काय हवे होते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. लेखिकेची करुणा आणि परिचारिकांची माया, दोन्ही तृतीयपुरुषीच. परक्याच्या वेदनेविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाला, यावर आपण वर्गात तासचे तास चर्चा करतो. दलित आत्मकथने आणि स्त्रीवादी समीक्षा शिकवताना हा प्रश्न टळत नाही. येथे तोच प्रश्न एका खाटेभोवती उभा होता, आणि त्याच्या उत्तरावर एका बाईचे जगणे-मरणे अवलंबून होते. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या माणसांत स्वार्थी कोणीही नव्हते. प्रश्नाची खरी अडचण तीच आहे. इस्टेटीवर डोळा ठेवणारा मुलगा ओळखता येतो. निःस्वार्थ माणसाची चूक ओळखणे अवघड जाते.

म्हणूनच अरुणेच्या प्रकरणाला इच्छामरण म्हणणे हा भाषेचा अपराध आहे, असे आम्ही म्हणतो. तिच्या बाबतीत मागितले गेले ते दयामरण. तिची इच्छा कोणाच्याच हाती नव्हती.

७

मग ज्याची वाणी जाऊ शकते, त्याने ती जाण्याआधीच बोलून ठेवले तर? 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच मान्य केले. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१चा भाग ठरला, आणि शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीला वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवण्याची मुभा मिळाली. बरे होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटर लावू नये, नाकातून नळी घालू नये, अशा सूचना त्यात देता येतात. प्राणघातक इंजेक्शन देण्याची, म्हणजे सक्रिय दयामरणाची, परवानगी मात्र या निकालाने दिली नाही. तो आजही गुन्हाच आहे.

२०१८ची कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी झाली. रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे, त्यांच्या मतासाठी ४८ तासांची मर्यादा, आणि इच्छापत्राची प्रत सांभाळण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमायचा अधिकारी, अशी व्यवस्था आली. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यात या प्रथेला आरंभ करून दिला. कलम ३०९चे दात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आधीच काढले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या रूपात राहिलेलेच नाही. मुंबईच्या त्या शिपायाला जे उत्तर १९८६ साली मिळाले होते, ते कायद्याच्या पुस्तकात उतरायला ३८ वर्षे लागली.

वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर हे इच्छापत्र विलक्षण आहे. नेहमीचे मृत्युपत्र लेखक गेल्यावर वाचले जाते. हे वाचले जाते तेव्हा लेखक समोर असतो, श्वास घेत असतो, पण आपल्या वाक्याचा अर्थ सांगू शकत नाही. 'आशा उरली नसेल तर' या शब्दांतील 'आशा' म्हणजे किती टक्के? तेव्हा ठणठणीत असलेल्या माणसाला आज खाटेवर पडलेल्या माणसाच्या वतीने बोलता येते का? की तोही एक प्रकारे परकाच? संहितेचे अर्थनिर्णयन हा आपल्या वर्गातला विषय आता अतिदक्षता विभागात जाऊन पोहोचला आहे. एवढे प्रश्न मान्य करूनही आम्हाला वाटते की, या कागदाने एक मोठी गोष्ट साधली. भीष्माने जे वाक्य वैद्यांसमोर उच्चारले आणि सावरकर-विनोबांनी जे आचरून दाखवले, ते बोलण्याची मुभा प्रथमच शाळामास्तराला, मोलकरणीला, पोलीस शिपायाला मिळाली. प्रथमपुरुष हा थोरांचा मक्ता राहिला नाही.

८

तरीही आम्हाला येथे थांबता येत नाही. कारण इच्छा उच्चारण्याचा हक्क मिळाला म्हणजे इच्छा मोकळी झाली, असे होत नाही.

आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी रोज एक गोष्ट घडते आणि तिला कोणी इच्छामरण म्हणत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णाचे नातेवाईक 'आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत' असे लिहून देतात. दागिने मोडून झालेले असतात, शेताचा तुकडा गहाण पडलेला असतो. रुग्णवाहिकेत प्राणवायूची नळकांडी असते, ती घरच्या दारात निघते. या कागदावर सही कोणाची असते? मुलाची, भावाची, जावयाची. ज्याच्याविषयी तो कागद आहे त्याला कोणी विचारलेले नसते, आणि विचारले असते तर तो 'ने मला घरी' असेच म्हणाला असता, कारण त्याला घराचे कर्ज दिसत असते. येथे इच्छाही नाही आणि दयाही नाही. आहे ते बिल. जे निष्क्रिय दयामरण मान्य करायचे की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला, ते गरिबाच्या घरी विनापरवाना, विनावाद चालू होते आणि आहे.

जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी आजारी नव्हते. त्यांच्या झोपेच्या गोळ्यांमागे असाध्य रोग नव्हता, रिकामे घर होते. सक्रिय दयामरणाचा कायदा ज्या देशांनी केला आहे त्यांच्याकडे बोट दाखवून आपणही तसा करावा, असे म्हणणाऱ्या मित्रांना आम्ही एवढेच विचारतो की, आपल्या कायद्याने नानांना काय उत्तर द्यायचे? वेदनेवर औषध नाही, घरात माणूस नाही, रुग्णालयाचे बिल मुलाच्या मानेवर आहे, अशा वेळी तोंडून निघालेले 'मला मरू द्या' हे वाक्य व्याकरणाने प्रथमपुरुषी असते. पण त्याचा खरा कर्ता दुसराच कोणी असतो.

तेव्हा आमची भूमिका अशी : उपचार नाकारण्याचा हक्क निःसंशय हवा, त्यासाठीचे इच्छापत्र घराघरांत मोकळेपणाने चर्चिले जावे, आणि त्याला अशुभ मानणे सोडावे. सक्रिय दयामरणाच्या दारापाशी मात्र आम्ही थांबतो. तत्त्व म्हणून ते कायमचे बंद असावे असे आमच्यापैकी सर्वांना वाटत नाही. पण वांद्र्याला १९८६ साली जे सुरू झाले ते तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचेपर्यंत, तेथील ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मिळेपर्यंत, ते दार उघडणे म्हणजे बिलाला इच्छेचा मुखवटा चढवणे होईल, अशी आम्हाला भीती वाटते.

पुढच्या स्पर्धेत हा विषय पुन्हा येईल, याविषयी शंका नाही. विषय ठरवणाऱ्या समितीवर आमच्यापैकी कोणी असेल, तर वाक्य थोडे बदलून पाहावे असा विचार आहे. 'इच्छामरणाला मान्यता मिळाली पाहिजे' असे न म्हणता, 'मरणाऱ्याला बोलू दिले पाहिजे' असे ठेवावे. प्रतिकूल बाजू घेणारा विद्यार्थी मिळेल की नाही, सांगता येत नाही.